नावाशेजारचं घर

मी तापट आहे हे आमच्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माझं कामच असं आहे की तिथे गोड बोलून काही साधत नाही. यंत्रांच्या आत जे सॉफ्टवेअर असतं, त्यातलं सगळ्यात तळाचं मी लिहिते. त्याला कर्नल म्हणतात. वरच्या एखाद्या प्रोग्रॅमने आगळीक केली तर कर्नल त्याचा कान धरतो, त्याला बंद पाडतो आणि बाकीचं यंत्र चालू ठेवतो. पण कर्नलनेच आगळीक केली तर त्याचा कान धरायला वर कुणी नाही. तो चुकत राहतो आणि यंत्र बिचारं त्याचं ऐकत राहतं.

आमची कंपनी चाकणच्या रस्त्याला आहे, मी राहते चिंचवडला. रोज सकाळी मोशीच्या पुढे बस अडकली की मी मनातल्या मनात सगळ्या कंटेनरवाल्यांचा उद्धार करते आणि वेळेवर पोचायची आशा सोडते. आम्ही कारखान्यांसाठी आपोआप चालणाऱ्या ट्रॉल्या बनवतो. जमिनीवर पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरून ट्रॉली सुटे भाग घेऊन एका लाइनीकडून दुसरीकडे जाते. वाटेत माणूस आला, खोकं आलं, तर थांबते. चालणं काय, कुणालाही जमतं. थांबणं हा तिचा खरा गुण. तिच्या कर्नलमध्ये एक ड्रायव्हर आहे, म्हणजे पुढचा सेन्सर, चाकं आणि पडदा यांना एकमेकांशी बोलायला लावणारा तुकडा. तो मुळात लिहिणारा गृहस्थ कधीच परदेशी गेला. मी मागाहून त्या घरात सून म्हणून आले आणि तेव्हापासून कोपरे झाडते आहे.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी महाळुंग्याच्या एका कारखान्यातून फोन आला. आमची ट्रॉली थांबली नव्हती. वाटेत जरासा पुढे राहिलेला लोखंडी रॅक होता, त्याला ती तशीच जाऊन भिडली, रॅक सरकला आणि शेजारी पार्ट निवडत बसलेल्या एका बाईच्या पावलावर आला. पावलाचं हाड मोडलं. ट्रॉलीचा पडदा बघितला तर त्यावर बायपास चालू असल्याचं दिसत होतं.

बायपास म्हणजे सेन्सरकडे दुर्लक्ष करून ट्रॉली चालवायची सोय. ती दुरुस्तीवाल्यांसाठी आहे. पण सेन्सर जरा धूळ बसली तरी थांबवतो, लाइन तुंबते, वरून ओरडा बसतो, मग लोक हळूच बायपास दाबतात आणि काम झालं की काढतात. या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे उघड गुपित आहे, त्याचा पासवर्डही सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे त्या कारखान्यात कुणाला फार विचार करावा लागला नाही. ट्रॉलीवर त्या पाळीत कोण होतं ते बघितलं. एक कंत्राटी बाई होती, कुरुळीची. तिने बायपास दाबला, असं ठरलं आणि तिचा गेटपास काढून घेतला.

ज्या बाईचा पाय मोडला ती या बाईची सख्खी थोरली जाऊ होती. दोघी एकाच घरातल्या, एकाच बसने यायच्या, एकाच पाळीत असायच्या.

आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, स्वभावाने वाईट नाहीत, फक्त गिऱ्हाइकाचा फोन आला की त्यांना घाम फुटतो. त्यांनी मला सांगितलं, जाऊन या, मशीन बघा, आपल्या बाजूने सगळं बरोबर आहे एवढं लिहून द्या. म्हटलं, बघते आधी, मग लिहिते. त्यांना वाटलं मी हो म्हटलं.

कारखान्यात ट्रॉली एका कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार वाळून तिच्या कठड्याला तसाच होता, बंपरवर हळदकुंकवाची बोटं होती. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याची पूजा होते, त्यात नवल काही नव्हतं. पण ट्रॉलीचं नाव बदललेलं होतं. आम्ही पाठवतो तेव्हा तिचं नाव इंग्रजीत, ट्रॉली आणि पुढे आकडा, असं असतं. इथे पडद्यावर छान मराठीत लिहिलं होतं, श्री भैरवनाथ प्रसन्न. मला बरं वाटलं. आपल्या हाताखालच्या यंत्राला कुणीतरी एवढ्या मायेनं नाव ठेवलेलं फारसं बघायला मिळत नाही.

तिथल्या मेंटेनन्सचे साहेब शेजारी उभे होते. मी ट्रॉली बंद करून पुन्हा चालू केली. पडदा उजळला, देवाचं नाव आलं आणि त्याखाली पिवळा दिवा लागला. बायपास चालू.

ते म्हणाले, बघा, तिने दाबून सेव्हच करून ठेवलंय. माझी कानशिलं तापली. कारण बायपास सेव्ह होत नाही. ट्रॉली चालू होताना ड्रायव्हर सगळ्यात आधी बायपास बंद करतो, ती ओळ मला तोंडपाठ होती. आता ट्रॉली मी चालू केली होती, माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्या बटणाला कुणीही बोट लावलं नव्हतं. मग तो चालू झाला कसा? मी त्यांना सांगितलं की आज मी काहीही लिहून देणार नाही, आणि या ट्रॉलीला कुणी हात लावायचा नाही. ते जरा नाराज झाले. झाले तर झाले.

परत जाताना कुरुळी वाटेतच होती. पूजेच्या दिवशी या ट्रॉलीला नेमकं काय काय केलं ते मला विचारायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ती बाई मला बघायची होती.

जुन्या घराच्या पुढे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या काढलेल्या, त्यांच्यामधून बोळ, आणि मागे यांचं घर. थोरली खाटेवर होती, पायाला प्लॅस्टर. धाकटी आतून आली. मी कोण ते सांगितल्यावर ती उभीच राहिली.

"मॅडम, मी त्या बटणाला हातबी लावला न्हाई," ती म्हणाली. तिने हे इतक्यांदा सांगितलं असणार की आता आवाजात रडूही उरलं नव्हतं.

थोरली माझ्याकडे बघून बोलली, जणू धाकटी तिथे नव्हतीच. "समद्याच दाबत्यात मॅडम, हिनंबी दाबलं आसंल. चुकलं म्हणली आसती तर मी कवाच इसारले आसते. पाय काय, आज ना उद्या बरा हुईल. पर ही खोटं बोलती, त्ये मला सोसत न्हाई."

धाकटी आत गेली आणि चहा घेऊन आली. माझा कप माझ्या हातात दिला. जावेचा कप खाटेच्या कडेला, तिचा हात सहज पोचेल असा ठेवला आणि परत आत गेली. एका घरात, एका चुलीवर, दोघींची बोलाचाली बंद होती. नोकरी दुसरीकडे मिळाली असती. या भागात कंत्राटी माणसाला काम मिळतं. पण जिच्याबरोबर जन्म काढायचा तीच खोटारडी म्हणत होती, आणि त्याला पुरावा म्हणून माझं यंत्र साक्ष देत होतं. मी कप खाली ठेवला.

मी थोरलीला पूजेचं विचारलं. तिचा चेहरा जरा उजळला. वर्षभर ट्रॉलीला इंग्रजीत नंबरानं हाक मारायची, निदान सणाला तरी देवाचं नाव असावं, असं सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. लाइन लीडरने पासवर्ड टाकून दिला आणि वयाने मोठी म्हणून थोरलीने स्वतःच्या बोटाने नाव लिहिलं. नारळही तिनेच वाढवला. बाकी काही केलं नाही. नाव बदललं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेल्यागेल्या मी चाचणीची ट्रॉली घोडीवर चढवली, म्हणजे चाकं अधांतरी. तिचं नाव श्री भैरवनाथ प्रसन्न असं ठेवलं, बंद केली, चालू केली. पिवळा दिवा लागला. नाव पुन्हा इंग्रजी केलं, बंद केली, चालू केली. दिवा गेला. मी खुर्चीत बसले आणि मूळ ड्रायव्हर लिहिणाऱ्या त्या परदेशी गेलेल्या गृहस्थाला अस्सल चिंचवडी शिव्या घातल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून चहाला गेले.

काय झालं होतं ते सांगायला सोपं आहे. संगणकाच्या आठवणीत, म्हणजे मेमरीत, शेजारी शेजारी घरं असतात. ट्रॉलीच्या नावासाठी ठरावीक घरं राखून ठेवलेली होती आणि त्याला लागूनच बायपासचं घर होतं. नाव त्या जागेत उतरवून घ्यायला मूळ लेखकाने स्ट्रकॉपी नावाचं जुनं साधन वापरलं होतं. हे साधन मोठं आज्ञाधारक. मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य असतं, ते दिसेपर्यंत ते एकेक उतरवत जातं. ज्या जागेत उतरवतोय ती केवढी आहे, ते ते विचारतच नाही. घागर भरली तरी ओतत राहणाऱ्या माणसासारखं. इंग्रजी अक्षराला एक घर लागतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांना तीन-तीन वेगळी. पडद्याचा प्रोग्रॅम नाव किती लांब आहे ते तपासायचा, पण तो अक्षरं मोजायचा. त्याच्या हिशेबी नाव आरामात मावत होतं. कर्नलमध्ये मात्र ते जागा संपवून पुढे गेलं आणि नावाचा एक तुकडा बायपासच्या घरात जाऊन बसला. त्या घरात शून्य असेल तर बायपास बंद, दुसरं काहीही असेल तर चालू. ड्रायव्हर आधी तिथे शून्य लिहायचा आणि मागाहून नाव उतरवायचा. आधी दार लावायचं आणि मग पुन्हा लाथ घालून उघडायचं, असा प्रकार. त्याच्यापुढची घरं रिकामी होती, म्हणून बाकी काही बिघडलं नाही. ते बिघडलं असतं तर किती बरं झालं असतं, ट्रॉली जागची हललीच नसती.

मग दसऱ्यापासून इतके दिवस काही झालं कसं नाही? कारण ट्रॉलीच्या वाटेत सहसा कुणी काही ठेवतच नाही, आणि पिवळा दिवा तिथे इतका नेहमीचा की त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पहिल्यांदा रॅक पुढे राहिला त्या दिवशी हे बाहेर आलं.

मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले की सोपं आहे, पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा कमी करू आणि नाव फक्त इंग्रजीत लिहा असं गिऱ्हाइकांना कळवू.

इथे माझा तोल गेला. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही कुठली रीत, असं मी त्यांना विचारलं. लोकांनी आपल्या यंत्राला आपल्या भाषेत नाव दिलं ही चूक नाही. चूक उतरवून घेणाऱ्याची आहे. आज पडदा मराठी नाव पाठवतोय, उद्या कुणी बारकोडवरून पाठवेल, परवा दुसऱ्या कंपनीचा पडदा बसेल. वरून येणारं सगळं मोजून-मापूनच येईल यावर कर्नलने विश्वास ठेवायचाच नसतो. ज्याची जागा, त्यानेच दारात उभं राहून माप बघायचं. साहेब म्हणाले, आवाज जरा कमी करा. मी केला. पण हटले नाही.

त्याच दिवशी आमच्या ट्रॉल्या वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला फोन करून सांगायला लावलं की नावाला हात लावू नका, आणि मराठी नाव ठेवलं असेल तर ट्रॉली उभी ठेवा. साहेबांना हे जड गेलं. एकेक गिऱ्हाईक विचारणार, का. मी म्हटलं, का ते सांगा.

मग मी कामाला बसले. शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि इथलं शीत कच्चं निघालं होतं. सगळा ड्रायव्हर वरपासून खालपर्यंत वाचायचं ठरवलं. जिथे जिथे मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागेत जातो, ती प्रत्येक ओळ. स्ट्रकॉपी आणखी ठिकाणी सापडलं. काही ठिकाणी कुणीतरी शहाणपणा करून त्याची सुधारलेली बहीण वापरली होती, जी ठरलेल्या मापापाशी थांबते. पण माप गच्च भरलं तर ती शेवटचं शून्य लिहीतच नाही, मग पुढे वाचणारा त्या मजकुराचा शेवट शोधत शेजाऱ्याच्या घरात शिरतो. एके ठिकाणी तर थांबायचं माप दिलं होतं ते येणाऱ्या मजकुराचं. पाणी जेवढं आहे तेवढंच ओत, असं सांगितल्यासारखं. अरे, माप घागरीचं द्यायचं असतं. ही ओळ वाचून मला रागही आला आणि हसूही आलं, कारण लिहिणाऱ्याला आपण फार काळजी घेतली असं नक्की वाटलं असणार.

आता नवं साधन आहे. त्याला जागेचं माप द्यायचं, ते त्यात मावेल तेवढंच उतरवतं, शेवटी शून्य न चुकता लिहितं आणि मजकूर मावला नाही तर तसं परत येऊन सांगतं. हे सांगणं ऐकायचं असतं, आणि नेमकं तेच लोक ऐकत नाहीत. साहेब म्हणाले, नवं साधन घाला, नाव लांब असेल तर कापलं जाईल, काम झालं. मी त्यांना कापलेलं नाव पडद्यावर दाखवलं. श्री भैरवना एवढंच, आणि पुढे अर्ध्यात तुटलेल्या अक्षराचा चौकोन. विचारलं, हे त्या बायकांना तुम्ही दाखवाल का? ते दाखवणार नव्हते.

म्हणून मी असं केलं. नावाची जागा ऐसपैस वाढवली. बायपासचं घर नावापासून लांब नेलं आणि त्यात नेमकी ठरलेली खूण असेल तरच चालू समजायचं, नाहीतर बंद, असं केलं. आणि एवढं करूनही एखादं नाव मावलं नाही, तर ते कापायचं नाही, घ्यायचंच नाही. जुनं नाव ठेवायचं आणि पडद्यावर स्पष्ट लिहायचं की नाव मावत नाही, लहान करा. मग मी दिवसभर ट्रॉलीला वाटेल ती नावं घालत बसले. अष्टविनायक घातले, माझ्या सासरच्या सगळ्या नणंदा एका दमात घातल्या, रिकामं नाव घातलं, नुसत्या वेलांट्या घातल्या. पिवळा दिवा लागला नाही.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली आहे. बाईचा उल्लेख कुठे नव्हता. मी म्हटलं, बायपास बाईने दाबला नव्हता, आमच्या ड्रायव्हरने चालू केला, हे वाक्य यात पाहिजे. ते म्हणाले की एवढं उघड लिहिलं तर गिऱ्हाईक हातचं जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. ज्या कारणाने माणसाचा पाय मोडला ते कारण झाकायचं असेल तर खाली माझी सही मागू नका, आणि सहीवाचून ट्रॉल्या तिथे पुन्हा चालणार नाहीत. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे मॅडम, लिहा, पण तिथे जाऊन तोंड द्यायचं तुम्ही. मला तेच हवं होतं.

कारखान्यात जायच्या आधी मी कुरुळीला गेले. थोरलीचं प्लॅस्टर निघालं होतं, ती भिंत धरून चालत होती. मी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. धाकटीने डोळे मिटून घेतले. थोरलीने मात्र भलतंच विचारलं.

"म्हंजे मी देवाचं नाव लिवलं म्हणून झालं व्हय?"

याचीच मला धास्ती होती. मी म्हटलं, "नाही ताई. तुम्ही नाव बरोबर लिहिलंत. ते कुठे ठेवायचं ते आम्ही नीट बघितलं नाही."

तिला पटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. इतके दिवस सगळा कारखाना बायपास बायपास म्हणत होता आणि आता एक बाई चिंचवडहून येऊन घरं आणि वेलांट्यांच्या गोष्टी सांगत होती. शेवटी ती म्हणाली की कॉम्प्युटरचं आम्हाला काय कळतंय, तुम्ही भली माणसं, हिला नोकरी परत मिळावी म्हणून सांगत असाल. धाकटी उठून आत गेली. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटलं, गेला चुलीत तो कर्नल. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी थोरलीला म्हटलं, उद्या पाय टाकता आला तर कारखान्यात या, डोळ्यांनी बघा.

ती आली. धाकटीचा नाही, शेजारणीचा आधार घेऊन आली; गेटपास नसलेल्या धाकटीला मी माझ्याबरोबर आत आणलं होतं. मेंटेनन्सचे साहेब होते, आमचे साहेब होते, पाळी बदलायची वेळ असल्याने लाइनीवरच्या बायका जमल्या होत्या. मी तीच ट्रॉली घोडीवर चढवून घेतली. सगळ्यांना सांगितलं की पडद्यापासून लांब उभे राहा. जुन्या सॉफ्टवेअरवर ती चालू केली. देवाचं नाव आलं आणि कुणी हात न लावता पिवळा दिवा लागला. बंद केली, चालू केली, पुन्हा लागला. बायकांमध्ये कुजबुज झाली. मेंटेनन्सच्या साहेबांनी मान खाली घातली आणि आमच्या साहेबांनी घाम पुसला. मग नवं सॉफ्टवेअर घातलं. तेच नाव पूर्ण आलं, दिवा लागला नाही. थोरली दिव्याच्या जागेकडे बघत होती.

ट्रॉली पट्टीवर उतरवली. आधी वाटेत खोकं ठेवून बघितलं, थांबली. रॅक ठेवला, थांबली. आता माणूस उभं राहायला पाहिजे होतं. तशी ती रांगत्या वेगात होती आणि तिला जागच्या जागी थांबवणारं रिमोटचं लाल बटण माझ्या हातात होतं, पण त्या जागेवर एकदा पाय मोडलेला सगळ्यांनी पाहिलेला होता, कुणी पुढे होईना. ते बरोबरच होतं. ज्याने लिहिलं त्यानेच उभं राहावं, असं म्हणून मी पट्टीवर जाऊन उभी राहिले. खोटं कशाला सांगू, कोड वाचताना जी खात्री असते ती पोटऱ्यांपर्यंत पोचत नाही. मेंटेनन्सच्या साहेबांनी सोडलेली ट्रॉली आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

मी बाजूला झाले. तेव्हा थोरलीने शेजारणीचा हात सोडला आणि लंगडत, एकटी, पट्टीवर जाऊन उभी राहिली. मी नको म्हणत पुढे झाले, तिने हाताने मला थोपवलं. मग ती धाकटीकडे वळली. किती दिवसांनी ती तिच्याशी थेट बोलत होती कोण जाणे.

"तू चालू कर गं."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी लाल बटणावर हात ठेवून मान हलवली. तिने पडद्यावर बोट टेकवलं, पण पहिल्यांदा बटण लागलंच नाही. दुसऱ्यांदा लागलं. ट्रॉली निघाली. थोरली हलली नाही, ट्रॉलीकडे बघतही नव्हती, जावेकडे बघत होती. ट्रॉली येऊन तिच्यासमोर थांबली.

धाकटी धावत पुढे गेली आणि खाली बसून तिचं मोडलेलं पाऊल चाचपू लागली, दुखतं का, दुखतं का, असं विचारत. थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तवा तू दाबलं न्हवतंस."